एक कान मोकळा

मला मेटल आवडतं असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मेसमधले भैया विचारतात, "वो चिल्लाने वाला गाना?" गावाकडे आत्या विचारते, "त्यात शब्द असतात का रे?" वर्गातले मित्र काही न बोलता नुसतं डोकं हलवून दाखवतात. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मेटलमध्ये ओरडणं असतं, शब्द पटकन कळत नाहीत आणि डोकंही हलतं. पण तीन वर्षं हे संगीत ऐकून मला जे मिळालं ते याहून वेगळं आहे. ते मराठीत सांगावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण ते ज्यांच्यामुळे मला नीट कळलं ते माझे पप्पा हेच पान वाचतात.

आम्ही ऐकतो कधी, असा प्रश्न पालकांना पडेल. शाळेत मोबाईल चालत नाही. सत्र सुरू असताना रविवारी दोन तास म्युझिक रूम उघडी असते. तिथे एक ड्रम सेट, दोन गिटार आणि एक जुना ॲम्प्लिफायर आहे. बाकी सगळं ऐकणं सुट्टीत. सुट्टीत जे ऐकतो ते मी वहीत लिहून ठेवतो: बँड कुठला, साल कोणतं, ड्रम कुठे सुरू होतात, गिटार कुठे थांबते. मग सत्रात लाइट्स आउट झाल्यावर अंथरुणात पडून तेच गाणं डोक्यात पहिल्यापासून वाजवायचं. कधी मधला तुकडा आठवत नाही. तो आठवेपर्यंत झोप येत नाही. यातून एक सवय लागली. गाणं प्रत्यक्ष ऐकायला मिळतं तेव्हा त्यातलं एकही वाद्य सुटू नये म्हणून मी कान देऊन ऐकतो, आणि असं ऐकायला मोठा आवाज लागत नाही.

सुरुवात झाली माझ्या शिलाँगच्या मित्रामुळे. आमचे पलंग शेजारी-शेजारी आहेत. शिलाँगमध्ये रॉक म्हणजे घरचीच गोष्ट. तिथले गायक लू माजॉ १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलन यांचा वाढदिवस त्यांचीच गाणी गाऊन साजरा करतात. असं ऐकत वाढलेल्या या मित्राने सातवीत मला गिटारवर पहिली गोष्ट शिकवली ती म्हणजे पॉवर कॉर्ड. त्यात मुख्य स्वर दोनच. मी ते ऐकले आणि म्हणालो, "अरे, हे तर सा आणि प!" आमच्या गावी सप्ताहात तंबोरा लागतो, त्याच्या तारांतही हेच दोन स्वर असतात. एवढ्या दूरच्या संगीताचा पाया आपल्याच गावच्या देवळात सापडेल असं मला वाटलं नव्हतं.

मेटलवाले दोनच स्वर का घेतात याचं कारण विज्ञानात आहे. सा आणि प यांच्या कंपनसंख्येचं प्रमाण २:३ असतं. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमधून मुद्दाम फाटका केला, ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात, की मूळ स्वरांबरोबर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. तीनमधून दोन गेले की उरतो एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो कुणी वाजवलेला नसतो, तरी ऐकू येतो. मेटलचा भरीवपणा येतो तो यातून. हेच चार-पाच वेगवेगळे स्वर एकत्र घेऊन केलं तर आवाजाचा नुसता चिखल होतो. म्हणजे ज्याला गोंगाट म्हणतात त्यात काय घ्यायचं यापेक्षा काय गाळायचं याचा विचार जास्त असतो.

मेटल जिथे जन्मलं ते गाव म्हणजे इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडण्याच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका तोच. गिटार विसर, असं त्याला सांगण्यात आलं. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे राइनहार्टची दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरी तो तसा वाजवत होता. आयोमीने घरी भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबणं जमेना म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे १९७१ च्या अल्बममध्ये तारा आणखी सैल सोडल्या, त्यामुळे स्वर खाली गेला आणि जड झाला. तोच जड स्वर नंतर जगभरच्या मेटलची ओळख ठरला.

त्याच्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्यातल्या पहिल्या गाण्याची सुरावट ऐकून पोटात खड्डा पडतो. बँडचा बास वाजवणारा गीझर बटलर गुस्ताव होल्स्ट या संगीतकाराची 'मंगळ, युद्ध आणणारा' ही रचना वाजवत बसायचा, त्यातून आयोमीला ती सुरावट सुचली. तिचा जीव आहे सा ते तीव्र मध्यम या अंतरात. युरोपच्या जुन्या संगीतशास्त्रात या अंतराला 'संगीतातला सैतान' असं नाव आहे. आता गंमत बघा. आपल्या यमन रागातही तीव्र मध्यम आहे आणि संध्याकाळी यमन ऐकताना कुणाला भीती वाटत नाही. अंतर तेच, पण त्याच्या आजूबाजूला कोणते स्वर ठेवले आणि किती वेळ थांबलं यावर सगळं अवलंबून. तेव्हापासून कुठल्याही स्वराला किंवा माणसाला सैतान म्हणण्याआधी मी आजूबाजूला बघतो.

ब्लॅक सॅबथनंतर मी आयर्न मेडनकडे गेलो. त्यांचं १९८३ चं 'द ट्रूपर' हे गाणं आपल्या शाळेतल्या प्रत्येकाने एकदा ऐकावं असं आहे. ते आहे क्रिमियाच्या युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईवर. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी ब्रिटिशांच्या लाइट ब्रिगेडचे सहाशेहून अधिक घोडेस्वार समोर रशियन तोफा दिसत असताना थेट त्यांच्यावर चालून गेले. वरून आलेला हुकूम संदिग्ध होता आणि खाली पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलला होता. गाणं त्यातल्या एका साध्या घोडेस्वाराच्या तोंडी आहे. बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस बास गिटारवर एक लांब आणि दोन आखूड ठोके असा ताल धरतो. तो नीट ऐका, त्यात भरधाव घोड्याच्या टापा ऐकू येतात. मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. हा ताल काठ्यांवर बसवायला मला एक अख्खी सुट्टी लागली. जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवून आईचं डोकं उठवलं.

याच बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन विमानाचा पायलटही आहे. २००८ च्या दौऱ्यात त्याने बँडचं सामान आणि माणसं घेऊन बोइंग ७५७ स्वतः उडवलं आणि त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत झाला. हवाई दलात जायचं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना हे सांगितलं तेव्हापासून त्यांनी डोकं हलवून दाखवणं बंद केलं आहे.

अल्टर्नेटिव्ह रॉककडे मी थोडा उशिरा वळलो. सिएटलच्या बाजूचा निर्वाणा हा तिघांचा बँड. त्यांचा 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनच्या अल्बमला खाली ढकलून पहिला आला. त्यांची रीत सोपी होती. कडवं हळू, जवळजवळ पुटपुटत, आणि धृपद एकदम पूर्ण जोरात. ही रीत पिक्सीज या बँडकडून घेतल्याचं कर्ट कोबेनने स्वतः सांगितलं होतं. हळू भाग नसता तर मोठ्या भागाचं काहीच वाटलं नसतं. ड्रिल स्क्वेअरवरही तसंच आहे. 'परेड' आणि 'सावधान' यांच्यामधल्या शांततेमुळेच तो एक आवाज पाचशे टाचांचा वाटतो.

टूल या बँडच्या 'लॅटरलस' या २००१ च्या गाण्यात शब्दांमधली अक्षरं १, १, २, ३, ५, ८ अशी वाढत जातात आणि पुन्हा उतरतात. गणितात आपण याला फिबोनाची श्रेणी म्हणतो. पण फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं आहे, आणि त्याच्या आधी आपल्याकडे हेमचंद्रांनी हेच आकडे छंदशास्त्रात दिले होते. लघू एक मात्रा आणि गुरू दोन मात्रा धरून ओळ किती प्रकारे रचता येते हे मोजताना हीच श्रेणी येते. आठ मात्रांची ओळ चौतीस प्रकारे होते, मी वहीत मांडून बघितलं आहे.

लिंकिन पार्क हा बँड होस्टेलमध्ये बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्या वयाची मुलं जे बोलत नाहीत ते त्यांची गाणी बोलतात. सहावीत आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस डॉर्ममध्ये रात्री कुणी ना कुणी उशीत तोंड खुपसून रडायचं आणि सकाळी फॉल-इनमध्ये कुणीच रडलेलं नसायचं. त्या दिवसांत ही गाणी माहीत असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन याने २०१७ मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं, हेही विसरता येत नाही. लाखो मुलांना ज्याच्या गाण्याने धीर दिला त्याला गाणं पुरलं नाही. म्हणून ज्युनिअर्सना मी सांगतो, गाणं जरूर ऐका, पण जड वाटलं तर हाऊस मास्टरांकडे, मेट्रनकडे किंवा निदान शेजारच्या पलंगाकडे बोला. गाणं आपलं म्हणणं मांडतं, पण आपल्याला उलट प्रश्न विचारत नाही.

आपल्या देशातही हे संगीत आता नवखं राहिलेलं नाही. दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड गिटारबरोबर ढोल आणि बासरी घेतो, हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीत गातो. २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आले आणि २०२२ मध्ये त्यांचा 'रक्षक' हा अल्बम आला. त्यातला ढोल ऐकला की मला गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक आठवतं. तीस ढोल एकदम पडतात तेव्हा आत्या टाळ्या वाजवते. तिला मी म्हटलं, "आत्या, हेच ते मेटल." तिला अजून पटलेलं नाही.

आता ज्या गाण्यामुळे हा लेख लिहिला त्याविषयी. मेटालिका या बँडचं 'वन', साल १९८८. डाल्टन ट्रम्बो यांच्या १९३९ च्या 'जॉनी गॉट हिज गन' या कादंबरीवर ते आधारलेलं आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला एक सैनिक. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे, कान, वाचा काहीच नाही. डोकं मात्र शाबूत. आपण जिवंत आहोत हे बाहेर सांगायचं कसं? कादंबरीत तो उशीवर डोकं आपटून मोर्स कोडमध्ये बोलतो. गाण्याच्या सुरुवातीला लढाईचे आवाज आहेत, मग हळू गिटार, आणि शेवटी ड्रमरचे दोन्ही पाय मशिनगनसारखे सुटतात.

हे गाणं पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मला खरंच प्रश्न पडला. मला एनडीएला जायचं आहे. पाचवीपासून तेच ठरलेलं आहे, घरात दुसऱ्या कशाचा विचार झालेला नाही. मग असं गाणं मी ऐकावं का? आणि ऐकल्यावर ते आवडावं का?

माझे पप्पा तोफखान्यात होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता सातारा जिल्ह्यात आमच्या गावी शेती करतात. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. घरात आम्ही सगळे न ठरवता त्यांच्या उजव्या बाजूला बसतो. त्या कानात रात्रभर रातकिडा बोलतो, असं ते म्हणतात. माझ्या डोक्यावर हेडफोन दिसले की ते बोलत नाहीत, फक्त तळहाताने खूण करतात, 'खाली कर'. मला वाटायचं, त्यांना हे संगीत आवडत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत सोप्यात बसून मी त्यांना त्या सैनिकाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ऐकव." मी आवाज निम्म्यावर आणला आणि त्यांच्या उजव्या कानात इअरफोन दिला, दुसरा माझ्या कानात. सुरुवातीचे आवाज ऐकून ते हसले. "आरं, ही लांबनं ऐकलेली तोफ हाय. जवळनं आवाज येत न्हाय, दणका येतो. हितं." आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. ड्रम सुटले तेव्हा म्हणाले, "हे मातुर एलएमजीवानी वाजतंय." त्यानंतर साडेसात मिनिटं संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पोराचं म्हणणं शेवटाला कुणाला कळलं का?" मी म्हटलं, कळलं, पण त्याने जे मागितलं ते कुणी दिलं नाही. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या कानाचं सांगितलं, जे मला आजवर माहीत नव्हतं. कानात घालायला बोळे असायचेच, पण ते एकाच कानात घालायचे. "हुकूम ऐकाया एक कान मोकळा ठिवायचो. हुकूम चुकला तर म्होरं आपलीच माणसं असत्यात."

मी धीर करून विचारलं, "पप्पा, हे गाणं ऐकून मी फौजेत जावं का?"

ते म्हणाले, "ऐकून जा. न ऐकता जाऊ नगंस."

यावर मी सत्रभर विचार केला. 'द ट्रूपर'मध्ये हुकूम नीट पोचला नाही म्हणून घोडेस्वार मेले. 'वन'मध्ये एका सैनिकाचं म्हणणं नीट पोचत नाही. आणि माझ्या वडिलांनी हुकूम नीट पोचावा म्हणून एक कान दिला. मला अधिकारी व्हायचं आहे. म्हणजे एक दिवस मी हुकूम देईन आणि तो कुणीतरी कान मोकळा ठेवून ऐकत असेल. त्याचं काय होऊ शकतं हे मला आधीपासून माहीत असलं पाहिजे. परेड आपल्याला पाऊल शिकवते, पुस्तकं डावपेच शिकवतात. हे मात्र मला एका गाण्याने आणि पप्पांनी मिळून शिकवलं. एनडीएला जायची माझी इच्छा तसूभरही कमी झालेली नाही. आता तिच्यात थोडी भीती आहे, आणि ती असावी असं वाटतं.

कानाबद्दल शेवटचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. त्यावर दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला फक्त ५. एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही. मेटालिकाचा ड्रमर लार्स उल्रिक यालाही कानात सतत आवाज येण्याचा त्रास आहे आणि तो इतरांना सावध करत असतो. मी आवाज निम्म्यावर ठेवतो. निम्म्यावरही टापा ऐकू येतात, खालचा सा ऐकू येतो, सगळं ऐकू येतं.

इन्स्ट्रक्टर सरांना विनंती, एखाद्या रविवारी म्युझिक रूममध्ये या. साइड ड्रमवर घोडा दौडताना ऐकवतो. आणि पालकांना एक सांगणं. सुट्टीत मुलाच्या कानात इअरफोन दिसला तर लगेच रागावू नका. त्यातला एक मागून घ्या आणि एक गाणं शेवटपर्यंत ऐका. आवडेलच असं नाही. पण गाणं संपल्यावर तुमच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी निघेल, आणि ते आम्हाला ऐकायचं आहे.